पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी खाडीवर: गोव्यात वसंतातले पाणपक्षी कसे पाहावेत

प्रश्न सांगलीहून आलाय. घरची मंडळी पाडव्याला मंगेशीला दर्शनाला येणार, अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेत, उतरणार, आणि दुसरा अख्खा दिवस मोकळा आहे. बरोबर दहा वर्षांची मुलगी, तिला पक्ष्यांचं वेड. घरात 8×42 ची दुर्बीण आहे. तळ्यावरचे पक्षी ओळखता येतात, खाडीचे कधी पाहिलेले नाहीत. विचारणा अशी: "मार्च संपत आला की पक्षी निघून गेलेले असतात असं सगळे सांगतात. मग यावं का? आणि आलो तर एका दिवसात कुठे कुठे जावं?"

जरूर या. बदकं पाहायची असती तर मी डिसेंबर-जानेवारी सांगितलं असतं, कारण मार्चअखेर तलवार बदकं बहुतेक निघून गेलेली असतात. पण खाडीचे, चिखलातले पक्षी पाहायला वसंतासारखा काळ नाही. हिवाळाभर हे पक्षी राखाडी-करडे दिसतात, एकासारखा एक. नवशिक्याची दुर्बीण तिथेच हरते. मार्च-एप्रिलमध्ये ते उत्तरेकडे परतायच्या तयारीत असतात, जुनी पिसं झडून विणीच्या हंगामाची नवी पिसं फुटत असतात आणि प्रत्येक जात आपापला रंग दाखवू लागते. जानेवारीत ज्याला नाव देता येत नाही, तो एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लांबूनही ओळखू येतो.

आता मुख्य गोष्ट. तळ्यावर पक्षी बघायला आपण उजाडायच्या वेळेवर निघतो. खाडीवर घड्याळ पाण्याचं चालतं. सूर्य कुठे आहे याला दुसरं स्थान, पाणी कुठे आहे याला पहिलं. हे मला कळायला दोन हिवाळे गेले. सुरुवातीला मी पहाटे उठून नदीकाठी जायचो, कधी शेकड्याने पक्षी दिसायचे, कधी नुसतं भरलेलं पाणी आणि एखादा बगळा. दिसले नाहीत की हंगाम संपला असं समजून घरी परतायचो. एकदा असाच बांधावर उभा होतो. मानशीपाशी, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, जाळं सावरणाऱ्या एका म्हाताऱ्याने माझ्याकडे न बघताच सांगितलं, "उदक चडलां, सवणीं मिठागरांत गेल्यांत." पाणी चढलंय, पक्षी मिठागरात गेलेत. त्या एका वाक्यात सगळं होतं. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा पक्षी तिथे चरतात. भरती आली की चिखल बुडतो, मग ते जवळच्या मिठागरात, खाजनातल्या, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या जमिनीतल्या, उथळ पाण्यात जाऊन पाणी उतरेपर्यंत थांबतात. पक्षी कुठे जात नाहीत, जागा बदलतात. आपणही त्यांच्याबरोबर जागा बदलायची.

तुमचं येणं पाडव्याचं आहे, म्हणून हिशेब सोपा आहे. पाडवा म्हणजे अमावास्येची दुसरी सकाळ, म्हणजे उधाण: भरतीला पाणी खूप चढतं आणि ओहोटीला खूप उतरतं. शिगमो, म्हणजे गोव्याचा होळीचा सण, तोही पौर्णिमेचा, तेव्हाही उधाण. रामनवमीला मात्र भांग, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत पूर्ण भरती साधारण दुपारच्या मागेपुढे येते आणि पूर्ण ओहोटी पहाटे नि संध्याकाळी सहाच्या आसपास. रोज ही वेळ सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. नेमकी वेळ मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहून घ्या, फोनवरही मिळते. मांडवी नदीत आत चोडण बेटाला तीच भरती थोडी उशिरा पोचते. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चिखल उघडा, दुपारी सगळं भरलेलं, संध्याकाळी पुन्हा उघडं. दिवस याच क्रमाने लावू. हेच उत्तर वाचून कोणी रामनवमीला आलं, तर क्रम उलटा करावा लागेल: उजाडताना मिठागर, दहा-अकरानंतर चिखल.

मार्चअखेर सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो. मंगेशीहून सहाच्या आत निघा, बाणस्तारीचा पूल ओलांडून जुन्या गोव्याच्या वाटेवर करमळीचं तळं लागतं. कोकण रेल्वेचं करमळी स्टेशन त्याला लागूनच आहे. हे गोड्या पाण्याचं तळं, भरतीशी याचा संबंध नाही, म्हणून उजाडतानाची वेळ याला द्यायची. या दिवसांत तळ्याचं पाणी आटत आलेलं असतं, त्यामुळे पक्षी मधल्या ओलीत गोळा झालेले. अडई शिट्ट्या घालत थव्याने उठतील. जांभळ्या पाणकोंबड्या गवतातून चालताना पांढरी शेपटी उडवतील. कांस्यपंखी कमळपक्षी पानांवरून चालताना मुलीला त्याची बोटं बघायला सांगा. शरीराच्या मानाने इतकी लांब बोटं दुसऱ्या कुठल्या पक्ष्याला तिने पाहिली नसतील. भुवई बदकं बहुधा अजून असतील. नराच्या डोळ्यावरून मागे गेलेली पांढरी भुवई सकाळच्या उन्हात उघड्या डोळ्यांनाही दिसते, आणि त्याचा आवाज बदकासारखा नाहीच, लाकडी कंगव्यावरून नख ओढल्यासारखा. तळ्यावर तासभर पुरे. जास्त रमलात तर पुढचं पाणी निसटेल.

आठला रायबंदर. धक्क्याजवळ पातळभाजी-पाव खाऊन फेरीबोटीने चोडण. फेरीबोटीत गाडीत बसून राहू नका, कठड्याशी उभे राहा. मांडवीवर ब्राह्मणी घारी फिरत असतात, आणि एखादा कैकर, म्हणजे मासे पकडणारा तो मोठा शिकारी पक्षी, पाय खाली सोडून पाण्यात झेपावताना दिसला तर दिवस तिथेच वसूल. चोडणच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. क्षेत्र फक्त 178 हेक्टर, जवळजवळ सगळं खारफुटीचं. आत पायवाट आहे. एक गोष्ट आधीच सांगतो, नाव अभयारण्याचं असलं तरी खारफुटीच्या दाटीत पक्षी दिसतात कमी, ऐकू येतात जास्त. बरेच जण वीस मिनिटांत कंटाळून परततात. तुम्ही एका जागी बसा. समोर चिखल दिसेल अशी जागा निवडा.

नऊ-साडेनऊला पाणी निम्मं चढलेलं असतं. चढतं पाणी आपलं काम करतं: चिखलाची पट्टी अरुंद होत जाते आणि लांब पसरलेले पक्षी आपसूक आपल्याकडे सरकतात. उतरत्या पाण्यात ते आपल्यापासून लांब जातात. म्हणून जवळून बघायचं असेल तर भरतीच्या आधीचे दोन-तीन तास. या पट्टीवर बोटभर लांबीचे निवट्या मासे चिखलावर उड्या मारतात, मुलीला तेच सगळ्यात आवडतील. तुतारी नावाचा छोटा पक्षी शेपूट वरखाली करत काठाने धावत असतो. काळ्या टोपीचा खंड्या फांदीवर, खाली गुडघाभर चिखल, आणि त्याची लालभडक चोच हिरव्या पानांत एकदम उठून दिसते. नशीब असेल तर कॉलर्ड किंगफिशर. वरून निळसर-हिरवा, खालून स्वच्छ पांढरा, मानेभोवती पांढरी पट्टी. पूर्व किनाऱ्यापलीकडे अंदमानात तो सर्रास दिसतो, पश्चिम किनाऱ्यावर मात्र गोवा आणि रत्नागिरीच्या खाड्यांसारख्या मोजक्याच ठिकाणी. त्याच्यासाठी लोक लांबून चोडणला येतात.

इथेच जमलं तर एखादी मानस पाहा. पक्षी बघायला आलेल्याने मानस पाहिल्याशिवाय गोव्यातून जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. खाजन म्हणजे खाडीकाठची सखल जमीन, समुद्राच्या पातळीच्या आसपासची, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली. गोव्यात अशी जमीन सुमारे 18,000 हेक्टर आहे. बांधात जिथे पाणी जायला-यायला तोंड ठेवलेलं असतं ती मानस. तिची लाकडी दारं पाण्याच्याच जोराने चालतात. नदीचं पाणी चढलं की दारं आपोआप मिटतात, नदी उतरली की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. मी कितीतरी वेळा नुसता ते बघत बसलोय. भरती फिरते तेव्हा आधी काहीच होत नाही. पाणी दोन्हीकडे सारखं, वर तरंगणारी काटकी जागच्या जागी. मग फळ्यांच्या फटीतून एक बारीक धार बाहेर पडते, दार करकरतं, बोटभर सरकतं, आणि आतलं गढूळ पाणी एकदम बाहेर लोटतं. त्याबरोबर कोळंबी, लहान मासे. तोवर एकही पक्षी दिसत नसतो, आणि दोन मिनिटांत बगळे हजर. लहान बगळा पिवळे पंजे पाण्यात हलवून मासा उठवतो, वंचक बगळा मान आखडून दगडासारखा, खंड्या दाराच्या चौकटीवर. मानशीवरच्या मासेमारीची दरवर्षी पावणी होते, म्हणजे लिलाव. ज्याने ती घेतली तो माणूस तिथे असेल तर आधी त्याला विचारून उभे राहा. त्याच्याइतकं त्या पाण्याबद्दल कोणाला ठाऊक नसतं.

बांध राहिला तर आतलं शेत राहतं, शेत राहिलं तर कापणीनंतर तिथे साचलेल्या उथळ पाण्यात पक्षी राहतात. मासळीच्या हव्यासाने कोणी मानस उघडी ठेवली, बांध फुटू दिला, की खारं पाणी आत शिरतं, शेत पडीक होतं. दहा-पंधरा वर्षांत तिथे खारफुटी माजते. खारफुटी चांगलीच, पण चिखलातल्या पक्ष्यांना भरतीला थांबायला उघडी जागा लागते, जिथून चारही बाजूंनी शिकारी पक्षी येताना दिसेल. झाडीने भरलेल्या जागी ते उतरत नाहीत. पडीक मिठागरांचंही तेच. पणजी-रायबंदर पाटोच्या, म्हणजे नदीकाठच्या जुन्या बांधरस्त्याच्या, बाजूची मिठागरं मी बोडकी पाहिलीयत, पक्ष्यांनी भरलेली पाहिलीयत. आता तिथला बराच भाग हिरवा झालाय आणि तितकी थव्यांची जागा गेली. हे पाहून जीव तुटतो. म्हणून दुपारच्या भरतीला मी तुम्हाला चालू मिठागराकडे पाठवतोय.

साडेदहाला चोडणहून निघा. पोंबुर्फ्याच्या बाजूला फेरीबोटीने उतरून म्हापसा, शिवोली, तिथून शापोरा नदीवरचा पूल ओलांडला की चोपडे आणि मग आगरवाडा. तासाभराचा रस्ता. गावाच्या नावातच आगर, म्हणजे मिठागर, आहे. इथे अजून मीठ पिकतं आणि मार्च-एप्रिल हा ऐन हंगाम. खाडीचं पाणी आधी मोठ्या खाचरात घेतात, तिथून पुढच्यात, आणि शेवटच्या लहान चौकोनी वाफ्यांत मीठ धरतं. पक्षी शेवटच्या वाफ्यांत नसतात, तिथलं पाणी फार खारट. ते बाहेरच्या, पहिल्या-दुसऱ्या खाचरात उभे असतात. गाडी रस्त्याच्या कडेला सावलीत लावा आणि काच खाली करून गाडीतूनच बघा. गाडी ही पक्षीनिरीक्षणाची सगळ्यात चांगली आडोशाची जागा आहे. तुम्ही उतरलात की थवा उठणार. वाफ्यांच्या बांधांवर जायचं असेल तर कामगारांना विचारून, अनवाणी. ते त्यांचं वर्षाचं पीक आहे.

बारा वाजता इथे पोचलात तर भरती पूर्ण असेल आणि नदीच्या दोन्ही काठांवरचे पक्षी मिठागरात आलेले असतील. आता घाई करू नका. आधी नुसता आकार बघा. सगळ्यात उंच, लांब गुलाबी पायांचे, काळे-पांढरे ते शेकाट्या. लांब सरळ चोच, अंगावर विटकरी छटा चढलेली, ते काळ्या शेपटीचे पाणटिवळे. चोच खाली वाकलेली, मोठ्या कोंबडीएवढे, ते कुरल. त्यांच्या पायाशी जी लहान-लहान गर्दी असते ती शेवटी घ्या.

त्या गर्दीतला एक पक्षी मी तुम्हाला मुद्दाम शोधायला सांगतो: कर्ल्यू सँडपायपर. चिमणीपेक्षा थोडा मोठा, काळी चोच टोकाला हलकी वाकलेली. जानेवारीत तो वरून राखाडी, खालून पांढरा, कोणाच्या लक्षातही येत नाही. या दिवसांत त्याचं अंग गेरूचा पहिला हात मारून अर्धवट राहिलेल्या भिंतीसारखं असतं. छातीवर गेरूचे ठिपके, पोटावर अजून पांढरं, पाठीवर चार नवी काळी-तांबूस पिसं जुन्या करड्या पिसांत खोचल्यासारखी. एकाच थव्यात एक पुरता लाल झालेला, शेजारचा जेमतेम सुरू झालेला. मुलीला वहीत तीन रकाने करायला सांगा: अजून करडे, अर्धे, पुरते लाल. आणि मोजायला लावा. पक्ष्यांची नावं पाठ करण्यापेक्षा हे मोजणं मुलांना फार लवकर शिकवतं. पुरता लाल झालेला पक्षी काही दिवसांतच निघणार आहे. त्याला सैबेरियाच्या पार उत्तरेच्या टुंड्रात जायचंय, जूनमध्ये बर्फ वितळताच अंडी घालायची आहेत. त्याच्याशेजारचा छोटा टिलवा वीस-पंचवीस ग्रॅमचा. तोही उत्तर ध्रुवाकडच्या त्याच प्रदेशात जातो.

मेमध्ये आलात आणि करडे पक्षी इथेच दिसले, तर ते आजारी आहेत असं समजू नका. ती बहुधा गेल्या वर्षीची पिल्लं असतात, पहिल्या उन्हाळ्यात त्यातली बरीच परत जातच नाहीत.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. निघण्याआधी हे पक्षी चरबी साठवतात, काही जाती तर आपल्या वजनाच्या निम्म्याहून जास्त. तेच त्यांचं इंधन. भरतीच्या वेळी ते झोपलेले, एका पायावर उभे, चोच पाठीत खुपसून असतात. तेव्हा ते इंधन वाचवत असतात. फोटोसाठी कोणी चार पावलं पुढे गेलं आणि थवा उठला, तर फोटो छान येतो, पण प्रत्येक उठण्याची किंमत त्यांच्या प्रवासातून जाते. माना वर झाल्या, एका पायावरचे दोन पायांवर आले, की तिथेच थांबा. पुढचं पाऊल मागे.

बांधावर टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली तर खाली बघत, आल्या पावली परत फिरा. मार्चपासून तिची वीण सुरू होते. उघड्या खडीत चार अंडी, मातीच्या रंगाची, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. दुपारच्या उन्हात टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसून ती गार ठेवते. आपण तिथे दहा मिनिटं उभे राहिलो तर अंडी भाजतात.

दीडनंतर ऊन सोसत नाही. जेवा, मुलीला झोपू द्या. पक्षीही तेच करत असतात.

चारला मोरजी, शापोरा नदीच्या तोंडापाशी, तेंबवाड्याच्या टोकाला. पाणी उतरायला लागून तीन-चार तास झालेले असतील, नदीच्या मुखाशी वाळूची पट्टी वर येते आणि त्यावर कुरव नि सुरय, म्हणजे गल आणि टर्न, येऊन बसतात. ओहोटी पुरी झाली की ते फार लांब जातात, म्हणून चार ते साडेपाच ही वेळ धरा. मोठे, जाड पिवळ्या चोचीचे, डोकं काळं झालेलं ते पॅलासेस गल. त्यांचं डोकं इतर कुरवांच्या आधीच काळं होतं. चॉकलेटी डोक्याचे, त्याहून लहान, ते तपकिरी डोक्याचे कुरव, लडाख-तिबेटच्या सरोवरांवर वीण करणारे. यातले पुष्कळसे मार्चअखेर गेलेले असतात, राहिलेल्यांत काही अजून हिवाळ्यातल्याच वेषात, डोळ्यामागे एक काळा ठिपका घेऊन. वाळूवर धावणारे, थांबणारे, पुन्हा धावणारे चेंडूसारखे पक्षी म्हणजे सँड प्लोवर, आपल्या चिखल्याच्या जातीतले. छातीवर तांबूस पट्टा चढलेला असला की ओळखायला अडचण नाही. आकाशात अधूनमधून पाहत राहा, पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड या बाजूला फिरतो. तो आला की सगळी वाळू एकदम उठते. मोरजीचा हा किनारा ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांसाठी राखलेला आहे. कुंपण घातलेला भाग दिसेल, त्याच्या बाहेरून चाला, आणि अंधार झाल्यावर वाळूवर बॅटरीचा उजेड पाडू नका.

राहता राहिलं कुडचड्याचं नंदा तळं. त्याला 2022 मध्ये रामसर दर्जा मिळाला, गोव्यातलं ते पहिलं, आणि 42 हेक्टरांत चांगले पक्षी असतात. पण ते दक्षिणेला आणि गोड्या पाण्याचं. या दिवसात बसवू नका, पुढच्या खेपेला हिवाळ्यात या.

दुर्बीण पुरेशी आहे, दुसरी घेऊ नका. टोपी, भरपूर पाणी, मळखाऊ कपडे. पायात चिखलात जाईल असं काहीतरी, पण चिखलात उतरायचं नाही, तो दिसतो त्यापेक्षा खोल असतो. कुंभारजुव्याच्या खाडीच्या काठाने जाणार असाल तर पाण्यापासून लांबच राहा, तिथे मगरी आहेत. दुर्भाटकडची माणसं पौष अमावास्येला चिखलाची मगर करून तिची पूजा करतात, माणगे थापणी म्हणतात त्याला. बांधावर जन्म गेलेल्यांनी त्या पाण्याशी ठेवलेलं नातं आहे ते.

सहा वाजले तरी मोरजीहून लगेच निघू नका, सूर्य पावणेसातला मावळतो. वाऱ्याच्या आवाजात कान द्या. कधी कधी याच वेळी वाळूवरचे पक्षी अस्वस्थ होतात, एकमेकांना हाका मारायला लागतात. मग वीस-तीस जण उठतात आणि नेहमीसारखे पाण्यावरून वळून परत बसत नाहीत, वर चढत जातात, ओळ धरतात, आणि हाका बारीक होत उत्तरेकडे जातात. मला इतक्या वर्षांत हे मोजक्याच वेळा दिसलंय. मुलीला सांगून ठेवा, ओळ दिसली तर आधी वेळ लिहायची, मग मोजायचे.